संकटात धर्मनियम मोडणे शास्त्राला मान्य आहे का?

मान्य आहे, पण सरसकट नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर, म्हणजे संकटकाळी आचरायच्या धर्मावर, स्वतंत्र उपपर्वच असून, बारा वर्षांच्या अवर्षणात उपासमारीने व्याकूळ झालेले विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरू पाहतात, तेव्हा तो चांडाळच त्यांना धर्माची आठवण करून देतो; तरीही, जीव राहिला तर धर्म पुन्हा आचरता येईल, या युक्तिवादावर ते ठाम राहतात. (वादात चांडाळाची बाजू मला अधिक खणखणीत वाटते.) वास्तविक अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हा मनुस्मृतीनुसार चारही वर्णांचा समान धर्म आहे.

आपल्या गोव्यात याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास सुरुवात केल्यावर, प्रतिष्ठापना झालेले दैवत जागचे हलवू नये हा संकेत बाजूला ठेवून, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेण्यात आली. ही सवलत मात्र आपत्तीपुरतीच असते: संकट नसताना आपद्धर्माने वागणाऱ्या द्विजाला त्या कर्माचे फळ परलोकी मिळत नाही, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे.