चेहऱ्यांची आणि घरांची चित्रे दाखवणाऱ्या एफएमआरआयच्या (मेंदूतील सक्रियता मोजणाऱ्या स्कॅनच्या) प्रयोगात विश्रांतीसाठी वेगळा रिग्रेसर (मॉडेलमधील त्या स्थितीचा रकाना) घ्यावा का, आणि रुग्ण व निरोगी गटांच्या तुलनेसाठी काँट्रास्ट (कशाची कशाशी तुलना करायची ते सांगणारी वजने) कसा लिहावा?

विश्रांतीचा वेगळा रकाना घेऊ नका. चेहरे आणि घरे असे दोन रिग्रेसर आपण घेतलेच आहेत. उरलेला काळ स्थिरांकाच्या रकान्यात येतो. विश्रांतीचा तिसरा रकाना घातला की तिन्हींची बेरीज जवळपास स्थिरांकाच्या रकान्याइतकीच होते आणि कोणत्याही एका बीटाला (रकान्याच्या अंदाजित गुणकाला) स्वतंत्र अर्थ उरत नाही. चेहरे वजा घरे यासाठी [१ −१ ०] पुरेसे आहे; शेवटचे शून्य स्थिरांकाचे.

मात्र दोन्ही गटांचे सक्रियतेचे नकाशे वेगवेगळे काढून ते शेजारी ठेवणार असल्याचे आपण लिहिले आहे, आणि ते वाचूनच मी उत्तर द्यायला बसलो.

पीएचडीच्या काळात आमच्या गटात नेमके हेच घडले. निरोगी व्यक्तींच्या नकाशात फ्युसिफॉर्म या चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागात ठळक ठिपका होता, रुग्णांच्या नकाशात ती जागा कोरी होती, आणि तेवढ्यावरून आमच्या मार्गदर्शकांनी ‘रुग्णांमध्ये हा भाग चेहऱ्यांना प्रतिसाद देत नाही’ असे वाक्य निबंधाच्या सारांशात घालूनही टाकले. मी त्याच व्हॉक्सेलची (स्कॅनमधील छोट्या घनाची) टी-मूल्ये, म्हणजे परिणाम त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते, काढली: निरोगी गटात ३.४, रुग्णांमध्ये २.९, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचे नकाशात दिसत नाही ती मर्यादा, ३.१. प्रत्येक व्यक्तीची काँट्रास्ट प्रतिमा घेऊन दोन गटांची थेट टी-चाचणी केली, तेव्हा त्या भागात काहीही उरले नाही. फरक डोळ्यांना दिसत असताना वेगळी चाचणी कशाला, असे मला ऐकवण्यात आले. मी त्या निबंधावरून माझे नाव काढून घेतले आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

एक परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ ठरला आणि दुसरा ठरला नाही, म्हणजे त्या दोहोंतील फरक सार्थ ठरला असे होत नाही. नीवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये दाखवले की ही चूक होण्याजोग्या १५७ शोधनिबंधांपैकी ७९ निबंधांत ती झालेली होती. त्यामुळे ‘सगळे असेच करतात’ हा युक्तिवाद कोणी पुढे केला, तर तो मुळीच मान्य करू नका. गटांतील फरकाबद्दल विधान करायचे असेल तर दुसऱ्या पातळीवर, म्हणजे व्यक्तींच्या प्रतिमांवरून गटांची तुलना करताना, [१ −१] लावा आणि जे येईल ते छापा. काही आले नाही तर तसे लिहा, पण त्यावरून दोन्ही गट सारखेच आहेत असेही म्हणू नका.

आणखी एक सांगायचे राहिले: प्रत्येक व्यक्तीच्या रनची (स्कॅनच्या सलग सत्रांची) संख्या सारखी नसेल तर काँट्रास्टची वजने रनच्या संख्येने भागा. एका व्यक्तीचे टी-मूल्य त्याने बदलत नाही, परंतु गटाच्या चाचणीत जाणाऱ्या प्रतिमेचे माप बदलते, आणि न भागता पुढे गेल्यास जास्त रन असलेल्या व्यक्तीचा प्रतिसाद विनाकारण मोठा दिसतो.