सजीवांची लक्षणं शिकायला सुरुवात करताय? मग हे करा

पोषण, श्वसन, वाढ, हालचाल, उत्सर्जन, प्रजनन, प्रतिसाद ही यादी जरूर पाठ करा, पण तिथेच थांबू नका. प्रत्येक लक्षणाला अपवाद शोधा. मिठाचा स्फटिक वाढतो, तरी निर्जीव. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, तरी ते सजीवच. विषाणूला पेशीबाहेर स्वतःची प्रत काढता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल आजही वाद आहे.

मग प्रयोगाला हात घाला. माझा आग्रह श्वसनाच्या प्रयोगाचा. एका बाटलीत मोड आलेले दाणे, दुसरीत तेवढेच उकळून गार केलेले. दोन्हींत चुन्याच्या निवळीची छोटी नळी ठेवून बूच घट्ट लावा. मोडांच्या बाटलीतली निवळी दुधाळ होते, कारण कार्बन डायऑक्साइड. दुसरी बाटली बरेच जण गाळतात आणि मग निष्कर्षाला आधारच उरत नाही. उकळलेले दाणे जंतुनाशकात बुडवून घ्या, नाहीतर त्यांच्यावर वाढणारे जीवाणू श्वसन करतील आणि तुमची फसगत होईल.

मांसात अळ्या आपोआप जन्मतात का, हे तपासणारी इटालियन वैज्ञानिक फ्रान्चेस्को रेडीची १६६८ची प्रयोगाची मांडणी मला फार आवडते. उघड्या बरणीतल्या मांसात अळ्या झाल्या, बंद बरणीत नाही. पण हवाच मिळाली नसेल तर? म्हणून त्याने काही बरण्यांवर जाळीदार कापड बांधलं. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या, मांसात अळ्या नाहीतच.

वहीत निरीक्षण आणि अनुमान यांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.