जन्म पुण्याचा, वेळ कोणती धरावी?

प्रश्न : माझ्या नातवाचा जन्म ४ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात दुपारी ३.१० वाजता झाला. चिनी पत्रिकेत त्याचे वर्ष एका ठिकाणी सशाचे, तर दुसरीकडे ड्रॅगनचे आले. खरे कोणते?
— एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, चार स्तंभांच्या, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांवरून मांडायच्या चिनी पत्रिकेच्या पद्धतीत वर्ष बदलते ते सूर्य सायन (वसंत संपातापासून मोजलेल्या) ३१५ अंशांवर येतो त्या ‘लीछुन’च्या (चिनी वसंतारंभाच्या) क्षणी, आणि हा क्षण, आपल्या पंचांगातील संक्रांतीसारखाच, साऱ्या जगासाठी एकच असतो. त्या दिवशी तो चिनी प्रमाणवेळेनुसार दुपारी ४.२७ला आला, चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्याने पुण्यात तेव्हा १.५७ झाले होते. म्हणून वर्ष ड्रॅगनचे. जिथे ससा आला, तिथे ३.१० हीच चिनी वेळ समजली गेली असावी, किंवा १० फेब्रुवारीचे चांद्र नववर्ष धरले असावे.

जन्माचा प्रहर (चिनी पद्धतीत तो दोन तासांचा) मात्र स्थानिक सूर्यावरूनच ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि पुणे सुमारे ७३.९ रेखांशावर, त्यामुळे आपली स्थानिक वेळ जवळपास ३५ मिनिटे मागे, म्हणजे २.३५ येते. तेव्हा बाळाचा प्रहर माकडाचा (३ ते ५) नसून शेळीचा (१ ते ३) आहे.