वेब डेव्हलपमेंटसाठी एलिक्सर, हास्केल की क्लोजर? जावास्क्रिप्ट येते, लाइव्ह चॅट असलेली साइट बनवायची आहे.

एलिक्सर घ्या, सोबत फिनिक्स फ्रेमवर्क. माझं रोजचं काम यातच असतं आणि लाइव्ह चॅटला ही जोडी चपखल बसते. एलिक्सर चालते अरलँगच्या बीम व्हर्च्युअल मशीनवर (प्रोग्राम चालवणारी प्रणाली), आणि अरलँग एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली: एकाच वेळी हजारो कॉल, एक तुटला तरी बाकीचे चालूच राहिले पाहिजेत. फिनिक्समध्येही प्रत्येक वेबसॉकेट जोडणीला (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी असलेली जोडणी) स्वतंत्र, हलकी प्रोसेस मिळते. एक कोसळली तर तेवढ्याच माणसाचं कनेक्शन जातं, ब्राउझर लगेच पुन्हा जोडून घेतो, आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. २०१५ मध्ये फिनिक्सच्या टीमने एकाच सर्व्हरवर २० लाख जोडण्या धरून दाखवल्या होत्या.

हास्केलची टाइप सिस्टम (आकडा, मजकूर असे माहितीचे प्रकार तपासणारी व्यवस्था) खरोखर सुंदर आहे, पण मोनाड (तिथली कामाच्या पायऱ्या एकमेकींना जोडण्याची पद्धत) समजून पहिलं पान दिसेपर्यंत नवख्याचा उत्साह टिकणं कठीण. क्लोजर जावाच्या लायब्ररी थेट वापरू देते. ऑफिसात सगळं जावावर असेल तर तीच बघा.

एक अट लक्षात ठेवा: एलिक्सर डायनॅमिक टाइपिंगची, म्हणजे टाइप मुख्यतः प्रोग्राम चालताना तपासणारी भाषा आहे. टाइपच्या सगळ्या चुका कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी, पकडल्या जाव्यात असा आग्रह असेल, तर बीमवरच चालणारी ग्लीम ही भाषा पाहा. तिची १.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, त्यामुळे शिकायचं साहित्य एलिक्सरइतकं नाही.