महिन्याला हजार रुपयांत फिल्म फोटोग्राफी जमेल का? कोणता कॅमेरा घ्यावा? घरचे म्हणतात, स्वस्त कॅमेरा म्हणजे फोटो वाया.

जमेल. कॅमेरा जुना, पूर्ण मेकॅनिकल आणि स्वस्तातला घ्या, पैसे रोलसाठी राखा. 'स्वस्त कॅमेरा म्हणजे फोटो वाया' असं तुम्हाला घरी ऐकवलं जातंय हे वाचलं आणि राहवलं नाही. मी ते वीस वर्षं ऐकतोय.

२००६ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून याशिका एफएक्स-३ घेतला. कातड्याचे पोपडे निघून बोटांना काळं लागायचं, पण खटका ठणठणीत. सेल नसला तरी चालतो, फक्त उजेड मोजणारं मीटर बंद. पहिलाच रोल आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला लावला. अंगणात ऊन, एक्क्याऐंशी दिवे, औक्षणाला सगळ्या लेकी-सुना. आकडा ३६ वर गेला तरी फिल्म पुढे ओढायची लिव्हर सरकतच होती आणि मी खूश, दोन फोटो जास्तीचे मिळाले म्हणून.

धुऊन आली ती अख्खी कोरी नारिंगी पट्टी. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "तरी सांगत होतो, भंगार घेऊ नकोस." आजी काही बोलली नाही. तिनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

स्टुडिओवाल्या काकांनी पट्टी उजेडात धरून कडेचे, कंपनीनं छापलेले बारीक आकडे दाखवले. ते उमटलेत, म्हणजे धुलाई बरोबर आहे. फिल्मचं टोक स्पूलच्या (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या) खाचेतून निसटलं होतं, त्यामुळे ती पुढे सरकलीच नव्हती. चूक माझी होती, कॅमेऱ्याची नव्हे. रोल लावल्यावर रिवाइंड नॉबनं (फिल्म परत गुंडाळायच्या गोल खुंटीनं) ढील काढून घ्या आणि लिव्हर ओढताना तो नॉब उलटा फिरतोय का बघा. फिरत नसेल तर मागचं झाकण उघडून पुन्हा लावा. लाखाचा कॅमेरा असला तरी हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

हजाराचा हिशेब असा, की रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांत ते एका फटक्यात संपतील. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट घ्या आणि घरी धुवा. टाकी, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी), डी-७६ (चित्र उमटवणारं रसायन), हायपो (ते पक्कं करणारं) एवढं पुरतं. मे महिन्यात नळाचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पातेल्यात ठेवून २० अंशांवर आणा. मित्र मिळून सुट्या फिल्मचा १०० फुटांचा डबा घेतलात तर ३६ फोटोंचे साधारण १८ रोल भरता येतात. मीटर बंद असेल तर कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ-१६ वर ठेवा, ४०० आयएसओच्या फिल्मला खटक्याचा वेग १/५०० सेकंद.

दुसऱ्या रोलमध्ये आजी खिडकीशी मटार सोलत बसलेली आली. हाताच्या शिरा मोजता येतील इतकी स्वच्छ. त्याच याशिकानं काढलेला तो फोटो आज दादाच्याच हॉलमध्ये आहे. तरी दिवाळीला विषय निघाला की भंगार म्हणतोच.

हो, घेताना लेन्स उजेडात धरून फंगस, म्हणजे बुरशी, आहे का बघा आणि मागच्या झाकणातला फोम चिकट झालाय का तेही. चिकट झाला असेल तर बदला, नाहीतर उजेड आत शिरतो. आणि पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवू नका.