ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी आईला जिना चढताना दम का लागतो? रक्त ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड नेमके कसे नेते?

तुमच्या प्रश्नातला ९८ हा आकडा वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच आकड्यापायी आमच्या घरी २०२१ च्या पावसाळ्यात दीड महिना वाया गेला.

दुसरा मजला गाठताना आईला मध्येच कठडा धरून उभे राहावे लागत असे. दादाने करोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला, ९८ दिसले, आणि ‘ऑक्सिजन उत्तम आहे, आता वय झाले’ असा निकाल त्याने देऊन टाकला. शिवाय ‘आत कार्बन डायऑक्साइड साठतो, खिडकीशी बसून दीर्घ श्वसन कर’ हा सल्लाही दिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हिमोग्लोबिनचा धडा तोपर्यंत वीसेक वर्षे शिकवून झाला होता, तरी त्याच पडद्यावर ९८ च्या शेजारी लुकलुकणारा नाडीचा ११४ हा आकडा मीही मनावर घेतला नाही, याची बोच अजून आहे.

रक्तद्रवात ऑक्सिजन फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. बाकी सगळी मदार तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर असते, आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. ऑक्सिमीटर सांगतो ते एवढेच की हिमोग्लोबिनच्या ज्या टोपल्या आहेत त्यांपैकी ९८ टक्के भरलेल्या आहेत. मुळात टोपल्या किती आहेत, हे त्याला कळत नाही. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी आईची खालची पापणी ओढून पाहिली आणि यंत्राकडे न बघताच सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी, लिहून दिली. हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात ५.९ ग्रॅम निघाले. ते १४ असते तर १०० मिलिलिटर रक्ताने १८ मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन नेला असता; आईचे रक्त ८ सुद्धा नेत नव्हते, म्हणून हृदय त्याच मोजक्या टोपल्या भराभर फिरवत होते. भरलेली टोपली दीर्घ श्वासाने आणखी भरत नाही, हे दादाला आजही पटलेले नाही.

कार्बन डायऑक्साइडबद्दल तर तो पुरता चुकला होता. हा वायू रक्तात ऑक्सिजनच्या सुमारे वीस पट सहज विरघळतो, आणि त्याचा मोठा भाग, साधारण ७० टक्के, बायकार्बोनेटच्या रूपाने जातो: तांबड्या पेशीतले कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) त्याचा पाण्याशी झटपट संयोग घडवते, तयार झालेले बायकार्बोनेट रक्तद्रवात उतरते, त्याच्या जागी क्लोराइड पेशीत शिरते, आणि फुफ्फुसात हे सगळे उलट घडून वायू बाहेर पडतो. हिमोग्लोबिनला चिकटून जाणारा वाटा त्या मानाने लहान असतो. त्यामुळे केवळ रक्तक्षयाने, म्हणजे हिमोग्लोबिन कमी झाल्याने, हा वायू अंगात साठून राहत नाही. (शिरांतल्या रक्ताला ‘अशुद्ध’ म्हणण्याची आपली सवयही मला खटकते, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातसुद्धा सुमारे ७५ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलेच असते.)

ऑक्सिमीटर टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. न्यूमोनियात त्याने पुष्कळांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले. मात्र गॅस गीझरच्या धुराने कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला, तरी तो आकडा चांगलाच दाखवत राहतो. तुमच्या आईंचा दम हृदयाचा किंवा फुफ्फुसाचाही असू शकतो, तेव्हा माझ्या आईवरून निदान ठरवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि सीबीसीबद्दल विचारा.

हिमोग्लोबिन कमी निघालेच, तर लोहाच्या गोळ्यांवर न थांबता रक्त जाते कुठे ते शोधायला लावा. आईला मूळव्याधीतून आठ महिने रक्त जात होते. दोन पिशव्या रक्त चढवल्यावर दादा म्हणाला, ‘तिने सांगायला नको का?’ तिने ते मलाच सांगितले होते, पण पापणी पाहून झाल्यानंतर, दवाखान्याच्या जिन्यावर, तो गाडी काढायला गेला तेव्हा. तुम्ही विचाराल तेव्हा खोलीत दुसरे कोणी नसेल, एवढे पाहा.