घड्याळ म्हणतं ठोके अनियमित, ईसीजी मात्र नॉर्मल

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्या स्मार्टवॉचवर ठोके अनियमित असल्याची सूचना दोनदा आली. लगेच ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. घड्याळ चुकलं असं समजायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तसं समजू नका, दोन्ही बरोबर असू शकतात. घड्याळाला शंका आहे ती एट्रियल फिब्रिलेशनची. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. सुरुवातीला हा विकार येतो-जातो. दवाखान्यातला ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा. तेवढ्या वेळात ठोके ताळ्यावर असले की कागद नॉर्मलच येणार.

घड्याळाच्या मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश टाकतात. रक्त तो शोषतं, परत आलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी कळते आणि दोन ठोक्यांमधली अंतरं वेडीवाकडी दिसली की अल्गोरिदम इशारा देतो. सैल पट्टा, गार पडलेला हात, मनगटावरचं गोंदण यांनी नोंद बिघडते. मधेच पडणारे जादा ठोकेही त्याला फसवतात.

अमेरिकेतल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. इशारा मिळाल्यावर ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत विकार सापडला. पण पट्टी अंगावर असतानाच इशारा आला, तेव्हा ८४ टक्के वेळा तो खरा निघाला. विकार लपतो, म्हणून तो दिसेपर्यंत शोधावा लागतो. पंचविशीतल्या निरोगी मुलाला असाच इशारा आला तर तो फसवा असण्याची शक्यता बरीच जास्त. तुमच्या वडिलांच्या वयात तो गंभीरपणेच घ्यायचा.

आता करायचं काय? पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्टसर बांधा. रात्रीही घालू द्या, कारण स्थिर हातावरची नोंद चांगली येते. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधड होताना हात टेबलावर टेकवून ३० सेकंदांची नोंद घ्या, पीडीएफ जपून ठेवा, वेळ लिहा. मग हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून २४ ते ४८ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचं छोटं ईसीजी यंत्र) किंवा जास्त दिवसांची पट्टी लावायची का, ते विचारा. थायरॉईडची तपासणी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बहुधा सांगतील. विकार पक्का झाला तर ६५ वरचं वय आणि बीपी यांमुळे पक्षाघाताचा धोका मोठा. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी लागू शकते. ती किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने मात्र सुरू करू नका.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघत बसू नका, १०८ लावा. हार्ट अटॅक हे घड्याळ ओळखत नाही.

प्रश्न : घड्याळावर बीपी आणि शुगर बघितली तर चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : शुगर अजिबात नाही. सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्येच धोक्याची सूचना दिली आहे. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. बीपीचा आकडा देणाऱ्या सॅमसंगच्या घड्याळांनाही दर २८ दिवसांनी दंडावरच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. गोळीचा डोस ठरवायला तेच दंडावरचं मशीन वापरा.